वाढत्या मापाच्या स्कीज

जीप दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला होता, आणि माझी आई मशीनपुढच्या स्टुलावर बसून माझ्या शेवटच्या ब्लाउजला हूक लावत होती.

"आई, अगं विमान आहे, एस.टी. नव्हे," मी म्हटलं.

"पळून जातंय का विमान? एवढा एकच राहिलाय," असं म्हणून तिने दोरा दाताने तोडला आणि ब्लाउज माझ्या अंगावर फेकला. मी तो तिथल्या तिथे खांद्याला लावून बघितला. सैल. बॅगेत भरलेले सगळेच ब्लाउज सैल होते. मी कुरकुरले, तर तिने ठरलेलं उत्तर दिलं, "दोन वर्षांचं माप घ्यावं, चार वर्षं निघतात."

कराडात माझ्या आईला कुणी नावाने ओळखत नाही, सगळे 'युनिफॉर्मवाल्या बाई' म्हणतात. मी कॉलेजात असताना बाबा गेले. त्यानंतर आईने गावातल्या निम्म्या पोरांचे गणवेश शिवून मला इंजिनिअर केलं. तिच्या हातचा कुठलाही कपडा उसवून बघा, आत दोन बोटं माया सोडलेली असणारच. स्कर्टच्या खाली चांगली रुंद दुमड. पोर वाढेल तशी ती उसवून खाली सोडायची. माझ्या शाळेच्या बुटांत जून महिन्यात कापूस असायचा आणि पुढच्या मार्चपर्यंत तो निघायचा. आमच्या घरात मापाचं असं काही कधी घेतलंच नाही. सगळं वाढत्या अंगाचं.

आणि हीच खोड मला सिंगापुरात नडली. कशी, ते सांगायलाच बसलेय. कराडच्या माझ्या माणसांना वाटतं, वैशाली तिकडे जाऊन बर्फात घसरायला लागली म्हणजे डोक्यावर परिणाम झाला. आणि माझ्यासारखे जे घरदार सोडून इकडे आलेत, त्यांना वाटतं की विषुववृत्तावर राहून स्कीइंग हा निव्वळ पैशांचा माज. दोघांनीही जरा शेवटपर्यंत वाचावं.

माझा नवरा मिलिंद आमच्या आधी तीन महिने सिंगापूरला गेला होता. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटीत त्याची नोकरी. आम्ही दोन वर्षांसाठीच जात होतो. सगळे दोन वर्षांसाठीच जातात! आमची लेक इरा तेव्हा बोबडं बोलत होती. वर्षभरात मलाही जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लँटमध्ये काम मिळालं. कॉम्प्रेसर, पंप, जे जे म्हणून फिरतं त्याची नाडी बघायची, हे माझं काम. मशीन थरथरायला लागलं की का थरथरतं ते शोधायचं. मला त्या कामाचं वेड आहे. माझ्या कामासाठी आम्ही जुरोंग वेस्टला फ्लॅट घेतला, त्यामुळे मिलिंद रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, बेटाच्या या टोकावरून त्या टोकाला जायचा आणि रोज ते ऐकवायचा.

प्लँटमध्ये मार्टिन नावाचा एक ऑस्ट्रियन इंजिनिअर होता. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसायचा. बाहेर घामाच्या धारा, आणि हा माणूस बर्फाबद्दल बोलायचा. मला आपली चौकशा करायची सवय. बर्फावर माणूस वळतो कसा? ब्रेक कुठे असतो? बर्फ माणसाला धरून का ठेवत नाही? शेवटी तो वैतागून म्हणाला, "वैशाली, इतकं विचारण्यापेक्षा एकदा पाय ठेवून बघ."

मग बघितलंच. आधी जुरोंग ईस्टकडे एका मोठ्या हॉलमध्ये खोटा बर्फ करून ठेवला होता, तिथे इराला घेऊन गेले. भाड्याचं जाकीट, गमबूट, आणि रबरी ट्यूबवर बसून घसरायचं. इरा रडली, मी मात्र पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहिले. पुढच्या चायनीज न्यू इयरच्या सुट्टीत ऑफिसची मंडळी कोरियाला निघाली, त्यांच्याबरोबर मी गेले. भाड्याच्या अरुंद स्कीजवर दिवसभर आपटून संध्याकाळी मी डावीकडे वळले, उजवीकडे वळले, आणि न पडता थांबले. आई शप्पथ सांगते, इंजिनिअरिंगचा निकाल लागला तेव्हाही एवढी नाचले नव्हते.

त्याच वर्षी मार्टिनचं कुटुंब परत निघालं. इथे लोक जाताना कॉन्डोच्या, म्हणजे आपल्या इमारतीच्या, खाली सामान मांडून विकतात. त्यात त्याच्या बायकोच्या स्कीजच्या दोन जोड्या होत्या. एक अरुंद, एक चांगली रुंद. दोन्हींचा भाव एकच. आता तुम्हीच सांगा, युनिफॉर्मवाल्या बाईंची लेक कुठली उचलणार?

मार्टिन म्हणाला, "नाही नाही, या पावडरच्या आहेत. नुकत्याच पडलेल्या, खोल, भुसभुशीत बर्फासाठी. तू शिकाऊ, तू रोलर फिरवून सपाट केलेल्या उतारावर राहणार. तिथे या जड पडतात."

मी म्हटलं, "रुंद म्हणजे स्थिर. आणि पुढे मला खोल बर्फात जायचं झालं तर? तेव्हा परत नवीन घेऊ?"

तो हसला आणि म्हणाला, "घे बाई." मी दोन वर्षांचं माप घेतलं होतं.

सिंगापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टर म्हणून एक खोली असते. जाड सिमेंटच्या भिंती, लोखंडी दार. बॉम्ब कुणी टाकत नाही, त्यामुळे सगळे तिथे तांदूळ, बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या ठेवतात. माझ्या स्कीज तिथे लोणच्याशेजारी उभ्या राहिल्या. इथल्या दमट हवेत त्यांच्या पोलादी कडांना महिन्याभरात गंज धरला. मग मी मशीनचं तेल लावून कडा पुसायला लागले. स्कीजच्या तळाला मेण लागतं, ते मी घरच्या इस्त्रीने वितळवून फासलं, आणि दुसऱ्या दिवशी मिलिंदने तीच इस्त्री ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर फिरवली. त्याचं काय झालं ते विचारू नका.

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!" मिलिंद म्हणाला. "बर्फ पाच हजार किलोमीटरवर, आणि शर्ट माझा गेला."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग शेजारच्या शिंदे काकूंचा कराडहून फोन आला. आई मोरीत घसरून पडली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. तेही आठवड्यापूर्वी. आम्हाला कळवायचं नाही अशी तिने काकूंना शपथ घातली होती. त्या आठवड्यात मी तिच्याशी दोनदा फोनवर बोलले होते आणि ती मला भोपळ्याच्या घारग्यांची कृती सांगत होती, प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून.

मी तो फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

इरा दीड वर्षाने पहिलीत जाणार होती. इथली शाळा जानेवारीत सुरू होते. त्याआधी ठरवायचं होतं, इथेच राहायचं की पुण्याला परत जायचं. पुण्यात आमचा फ्लॅट तयार होता. मिलिंद म्हणाला, "आई इथे येऊन राहणार असतील तर राहू. नसतील तर परत जाऊ. त्या तिथे एकट्या आणि आपण इथे, हे मला जमायचं नाही." माझी आई, आणि बोलला तो! मला राहायचं होतं, स्पष्टच सांगते. हे असं काम मला पुण्यात मिळालं नसतं. पण मोरीत पडलेली आईही डोळ्यांपुढून हलत नव्हती. एवढंच ठरवलं की आपला जीव तिच्या उत्तरात अडकलाय, हे तिला कळू द्यायचं नाही. नाहीतर ती तोंडदेखलं 'हो' म्हणेल आणि मनातल्या मनात झुरत बसेल.

हात बरा झाल्यावर आई डिसेंबरात आली, तीन महिन्यांसाठी. परतीचं तिकीट तिने पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवलं होतं आणि अधूनमधून चाचपून बघायची.

पहिले पंधरा दिवस हाल. आम्ही दोघं कामाला, इरा किंडरगार्टनमध्ये. आई अकराव्या मजल्यावर, हात रिकामे. कराडात तिच्या दारात दिवसभर माणसांचा राबता. इथे कॉरिडॉरमध्ये सगळी दारं बंद. "इथली माणसं दारं लावून आत करतात तरी काय गं?" ती विचारायची. इरा तिच्याशी इंग्रजीत बोलायची. "आजी, दिस वन कॅनॉट ला!" आणि आजी म्हणायची, "कॅनॉट म्हणजे नाही, ते कळलं. ला म्हणजे काय?" मला त्याचं उत्तर आजतागायत देता आलेलं नाही. मी तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, हिला इथे आणून काय करायचं? ही बाई कराडसाठीच घडलेली आहे.

एका संध्याकाळी घरी आले तर आई बॉम्ब शेल्टरच्या दारात जमिनीवर बसलेली. पुढे स्कीज आडव्या, गळ्यात तिची मापाची टेप.

"वैशू, ही काय भानगड आहे? टोकाला रुंद, मध्ये बारीक, परत शेवटाला रुंद. कंबर आहे की हिला!"

"तिला कंबरच म्हणतात, आई."

"मग ही कंबरेत ढगळ आहे," आई म्हणाली. तिने माझा पाय ओढून मधल्या भागावर ठेवला. पावलाच्या दोन्ही बाजूंना फळी उरली. "वळताना कडेवर उभं राहायचं म्हणतेस ना? मग कड पायाखाली पाहिजे. ही तर बाहेर लांब गेली. वळायला जोर लागणार तुला."

मी दिवसभर मशीनची थरथर मोजणारी इंजिनिअर, आणि हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आम्ही दोघी मग तिथेच बसलो आणि कागदावर रेघोट्या मारत राहिलो. बर्फ भुसभुशीत असेल तर रुंद फळी वर तरंगेल, हे तिला लगेच पटलं. "पण घट्ट बर्फावर काय होतं?" ती म्हणाली. "ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही." इराचा पडदा बदलला होता, त्या जुन्या पडद्याची तिने हातशिलाईने स्कीजसाठी खोळ शिवली. अर्थातच चार बोटं मोठी.

चायनीज न्यू इयरला आम्ही चौघं जपानला, होक्काइडोला गेलो. पाचवारी साडीच्या आत दोन थर्मल पँटी, वर मिलिंदचं जाकीट, डोक्याला मफलर. आई विमानतळावरून बाहेर आली आणि तिने पहिल्यांदा पडणारा बर्फ बघितला. तळहातावर घेतला, बोटांनी चोळला, आणि म्हणाली, "तांदळाची पिठी गं, अगदी चाळून घेतलेली."

सकाळी उतारावर गेलो तर तिथे पिठी नव्हती. आदल्या संध्याकाळी मोठमोठी यंत्रं फिरवून तो बर्फ दाबून, विंचरून ठेवलेला होता, त्यावर बारीक बारीक उभ्या रेघा. "अगं, हा तर कॉडरॉय!" आई ओरडली. नंतर कळलं की स्की करणारी मंडळीही त्याला तेच नाव देतात. पण आईला ते कुणी सांगितलं नव्हतं.

बूट भाड्याने घेतले, दुकानातल्या माणसाने ते माझ्या स्कीजना जुळवून दिले आणि माझ्याकडे बघून काहीतरी जपानीत पुटपुटला. तासभर शिकवायला न्यूझीलंडची एक मुलगी होती. तिने माझ्या पायाकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, "चुकीच्या स्कीज आणल्यात तुम्ही. या इथल्या नाहीत. भाड्याच्या घ्या."

मी हट्टाने त्याच घालून निघाले. आणि देवा! कोरियात ज्या वळणाला पाय टेकला की वळत होते, तिथे या बया हलायलाच तयार नाहीत. मी कडेवर झुकायची, काहीच घडायचं नाही. घाबरून जोर लावायची, तर एकदम गर्रकन फिरायच्या आणि मी बुडावर. घट्ट ठिकाणी तर खालून खडखडाट, गुडघे भरून आले. खाली काचेच्या मोठ्या खिडकीपाशी आई आणि इरा गरम दूध पीत बसल्या होत्या. इरा माझं पडणं मोजत होती, हे मला नंतर कळलं.

मला रागही आला आणि कुतूहलही वाटलं. जास्त कुतूहलच. मी जाऊन अरुंद स्कीज भाड्याने घेतल्या आणि त्याच उतारावरून त्याच वाटेने आले. खरंच सांगते, मजा आली. चट्चट् वळत होत्या, बोट दाखवलं तिकडे जात होत्या. मिलिंद म्हणाला, "झालं समाधान? आता त्या फळ्यांचा पाट करू या." पण माझं समाधान झालं नव्हतं. एखादं मशीन थरथरतं तेव्हा दोष नेहमी मशीनचाच नसतो, कधीकधी चालवणाराच त्याला चुकीच्या वेगाने चालवत असतो. मला बघायचं होतं की माझ्या स्कीजना नेमकं काय हवंय.

जेवणानंतर पुन्हा रुंद घातल्या. या वेळी पाय जरा फाकवून उभी राहिले. वळण यायच्या बऱ्याच आधी हळूच कलले आणि गप्प थांबले. आधी काहीच झालं नाही. मी दात-ओठ खाऊन थांबले. मग कड लागली, आणि ती अख्खी फळी मोठ्या, लांब वळणात मला घेऊन निघाली. चट्चट् नाही, घाईघाई नाही. तिला आधी सांगावं लागतं आणि मग थोडी वाट बघावी लागते, एवढंच. मी पुढचं वळणही तसंच घेतलं, मग त्याच्या पुढचं.

दुपार कलली तसा तो कॉडरॉय गेला. दिवसभर लोकांनी खरवडून खरवडून उतारावर बर्फाच्या गाठी करून ठेवल्या, नीट न घोटलेल्या पिठल्यात होतात तशा. सकाळी टेचात जाणाऱ्या अरुंद स्कीजवाल्यांच्या टोकांना त्या गाठी अडकायला लागल्या, लोक धडपडायला लागले. माझ्या मात्र त्या गाठींवरून खुशाल चालल्या. शेवटच्या फेरीला तर मी उताराच्या कडेला, झाडांच्या अलीकडे, जिथे यंत्र फिरलेलं नव्हतं त्या पट्ट्यात शिरले. गुडघाभर पिठी. आणि मी बुडाले नाही! आवाज बंद झाला, पायाखाली काही लागेचना, नुसती तरंगत खाली आले. इतकी मोठ्याने ओरडले की ती न्यूझीलंडची मुलगी वळून बघायला लागली. तिने हात वर करून अंगठा दाखवला.

संध्याकाळी खोलीत आई माझ्या गुडघ्यांना तेल लावत होती. म्हणाली, "सकाळी वळायची घाई करत होतीस. दुपारी नाही केलीस."

तेवढ्याने माझा बांध फुटला. जे लपवायचं ठरवलं होतं ते सगळं भडाभडा बोलून टाकलं. आई, तू आमच्याकडे राहा, तू नाही राहिलीस तर आम्ही परत जाऊ, मला परत जायचं नाही, आणि तुला एकटीलाही ठेवायचं नाही. आणि वर हेही बोलून गेले, "या स्कीज बघ, सगळे म्हणाले इथल्या नाहीत. पण चालल्या की नाही?"

आईचा तेलाचा हात थांबला. "म्हणजे मला तू फळीशी तोलतेस होय गं?"

मिलिंद तोंड फिरवून हसला. मीही रडता रडता हसले. पण आई हसत नव्हती.

"फळीला कुणी विचारलं का, तुला यायचंय का म्हणून?" ती म्हणाली. "आणि माझ्या जूनचं काय? शाळा उघडायच्या आधी माझ्या दारात रांग लागते. त्या पोरांना काय सांगू, बाई सिंगापूरला मजा मारायला गेल्या?" मग परत तेल लावायला घेत, माझ्याकडे न बघता, "बघू."

परत आल्यावर एक गोष्ट घडली, तशी साधीच. आमच्या दोन दारं पलीकडे लिम आंटी राहतात, आईच्याच वयाच्या. त्या एका सकाळी दार उघडं टाकून, कॉरिडॉरमध्ये स्टूल घेऊन नातीच्या शाळेचा पिनाफोर खालून दुमडत बसल्या होत्या. पिनाफोर म्हणजे बिनबाह्यांचा फ्रॉक, आत पांढरा शर्ट घालतात. आई तिथे जाऊन उभी राहिली. आंटींचे टाके बघून तिला राहवेना. तिने सुई मागून घेतली. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. आंटींनी कपडा अंगापेक्षा किती मोठा घेतलाय ते बोटांनी दाखवलं आणि म्हणाल्या, "बाय बिगर ला. टू इयर कॅन वेअर." आई धावत घरात आली, फोन करून मला प्लँटवर सांगितलं, "वैशू, ही तर आपल्यातलीच निघाली!"

त्यानंतर आमचं दार दिवसा उघडं राहायला लागलं. एक शिलाई मशीन आलं. कुणाची पँट, कुणाची उशीची खोळ. आईच्या पासवर, म्हणजे इथल्या व्हिसावर, कमाई चालत नाही, त्यामुळे पैसे घ्यायचे नाहीत हे मी तिला दहादा बजावलं. ती म्हणाली, "मला काय कळत नाही?" मोबदल्यात संत्री यायची, अननसाची बिस्किटं यायची. पण मार्च उजाडला, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातलं तिकीट बाहेर आलं. आई गेली. चांगी विमानतळावर तिने इराला जवळ घेतलं, मला घेतलं, आणि आत निघून गेली. मी विचारलं नाही. कललं की वाट बघायची, एवढं मी शिकले होते, पण त्या वेळी गुडघ्यांपेक्षा दुसरंच काहीतरी दुखत होतं.

जून गेला. आईने रांगेतल्या सगळ्यांचे कपडे शिवले. फोनवर घारग्या, शिंदे काकू, पाऊसपाणी, सगळं बोलायची. तेवढं एक सोडून. मिलिंदने पुण्याच्या शाळांची चौकशी सुरू केली आणि मी घरात उगाच भांडी आपटायला लागले. इथल्या शाळेतली जागा आम्ही धरून ठेवली होती, सोडवत नव्हती म्हणून. नोव्हेंबरात आई परत आली. या वेळी बॅग जड होती. उघडली तर आत तिची कात्री होती, ती मोठी काळी, जिला मी लहानपणी हात लावला तर मार खायची. बॉबिनचा डबा होता. मी कात्रीकडे बघत राहिले आणि तरीही विचारलं नाही.

डिसेंबरात म्हणाली, "इरूचा शाळेचा कपडा कुठे मिळतो?"

"आई, अजून आमचं ठरलं नाहीये."

"कपडा आणायला काय होतंय? आण. दोन मापं मोठा आण."

आणला. इराने तो घातला आणि टाचांपर्यंत आला. "आजी, सो बिग! लाइक कर्टन!" ती खिदळली. आईने तिला स्टुलावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरल्या, आणि खांद्यात, कंबरेत, बाजूला, सगळीकडे कपडा आत घेत गेली. मग मशीनवर बसून खालची दुमड घातली. एक दुमड, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. मी अशी दुमड जन्मात बघितली नव्हती. सहावीपर्यंतचं कापड आत दडवलं होतं तिने.

मी म्हटलं, "अगं, एवढं सगळं दर वर्षी उसवून खाली कोण सोडणार? मला तर साधं बटण लावता येत नाही."

आईने दोरा दाताने तोडला. "मी आहे की," ती म्हणाली आणि इराला हाक मारली, "इरू, ये, घालून दाखव."

मिलिंद सोफ्यावर बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, उठला आणि आत जाऊन आईच्या लांब मुदतीच्या पासचे कागद काढून आणले.

त्याला आता काही वर्षं झाली. आई मे-जूनला कराडला जाते, रांग संपवते आणि परत येते. रांग दर वर्षी जराशी आखूड होतेय, लोक तयार कपडे घेतात, असं ती सांगते. मग थोडा वेळ कात्रीला तेल लावत बसते. स्कीज अजून बॉम्ब शेल्टरमध्ये लोणच्याशेजारीच आहेत, पडद्याच्या खोळीत. दर चायनीज न्यू इयरला जमलं तर आम्ही बर्फात जातो, आणि दर वेळी कुणीतरी मला सांगतं की या चुकीच्या आहेत. मी "हो का?" म्हणते आणि निघते.

कुणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर तोंडातून अजूनही 'कराड' निघतं. ते बदलेल असं वाटत नाही, बदलावं असंही नाही. पण परवा इराचा पिनाफोर इस्त्री करताना बघितलं. जिथली दुमड सोडलीय तिथे कापड न विटता गडद राहिलंय. दोन वर्षांच्या दोन गडद रेघा. मी कपडा उलटा करून आत बोटांनी मोजलं. तीन बोटं अजून शिल्लक आहेत.